पडद्यावरची भुते आणि पडद्यामागची माणसे

दिवाळी अंकात एक तरी भुताची गोष्ट असावी, हा आपल्याकडचा जुना शिरस्ता आहे. चकलीबरोबर जसे लोणी, तशी फराळाच्या ताटाशेजारी एखादी वेताळाची नाहीतर हडळीची कथा हवीच. तेव्हा या खेपेस मीही भुतांचाच विषय घेऊन वाचकांपुढे आलो आहे. फरक इतकाच, की माझी भुते पिंपळावरची नाहीत, सिनेमाच्या पडद्यावरची आहेत. आणि खरे सांगायचे तर, मला त्या भुतांपेक्षा त्यांना जन्माला घालणाऱ्या माणसांविषयीच जास्त बोलायचे आहे.

भयपटांचा मला लहानपणापासून षोक. टॉकीजच्या बाकावर बसून पाहिले, पुढे व्हिडिओच्या कॅसेटी भाड्याने आणून पाहिले, आणि आता तर घरबसल्या हातातल्या फोनवरही भूत हजर होते. इतकी वर्षे हा उद्योग केल्यावर कोणाच्याही ध्यानात यावी अशी एक गोष्ट माझ्याही ध्यानात आली. पाश्चात्त्यांचे जे अव्वल दर्जाचे जुने भयपट आहेत, त्यांतल्या कितीतरी चित्रपटांमागे समलिंगी माणसे उभी आहेत. कोणी दिग्दर्शक, कोणी नट, कोणी लेखक. हा निव्वळ योगायोग म्हणावा, की भुतांचे आणि या मंडळींचे काही जवळचे नाते आहे?

मुखवट्याची रात्र

पाश्चात्त्यांच्या भुतांचा सण म्हणजे हॅलोविन. ३१ ऑक्टोबरची रात्र. आपली दिवाळी याच सुमारास येते. २०२४ साली तर दिवाळी आणि हॅलोविन एकमेकांच्या अंगावरच येऊन पडले. आयर्लंडातल्या जुन्या केल्टिक लोकांच्या 'साविन' नावाच्या सणात या रात्रीचे मूळ आहे असे मानतात. सुगी संपली, थंडी-अंधाराचे दिवस सुरू झाले, की जिवंत आणि मेलेले यांच्यामधला पडदा त्या रात्री विरळ होतो, अशी समजूत. एकोणिसाव्या शतकात आयरिश लोक पोटासाठी अमेरिकेत गेले, तेव्हा हा सणही त्यांच्या बोचक्यातून तिकडे गेला. गावी ते सलगमाचे कंद कोरून त्यांत दिवा लावीत; अमेरिकेत त्यांना त्याहून सोयीचा भोपळा मिळाला. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिची पोरे त्या रात्री भुताखेतांची सोंगे घेऊन दारोदार गोळ्या-चॉकलेटे मागत हिंडतात. आपल्या शिमग्यातल्या सोंगांची आठवण व्हावी असाच तो थाट.

पण सोंगाची ही मोकळीक काही लोकांच्या दृष्टीने केवळ पोरखेळ नव्हती. सॅन फ्रान्सिस्को शहरात १८६३ सालापासून एक कायदा होता. पुरुषाने बाईचा किंवा बाईने पुरुषाचा पोशाख करून रस्त्यावर यायचे नाही, आल्यास गुन्हा. हा कायदा रद्द व्हायला १९७४ साल उजाडले. वर्षातून एकच रात्र अशी होती, की त्या रात्री कोणीही कोणताही वेष केला तरी पोलीस काणाडोळा करीत. ती हॅलोविनची रात्र. मध्यरात्र टळली, की पुन्हा धरपकड सुरू! तिथल्या 'ब्लॅक कॅट' नावाच्या पानगृहात होजे सारिया नावाचा गाणारा नट होता. त्याने यावर नामी तोड काढली. कायद्यात 'फसवण्याच्या हेतूने' केलेल्या वेषांतराला बंदी होती; म्हणून त्याने बाईच्या वेषातल्या आपल्या मित्रांना 'मी मुलगा आहे' असे लिहिलेले बिल्ले वाटले. बिल्लाच लावलेला, मग फसवणूक कसली?

वाचकहो, हसू येते खरे. पण वर्षाच्या ३६५ दिवसांतली एकच रात्र मुखवटा न घालता जगायला मिळावी, आणि तीही इतरांनी मुखवटे घातलेले असतात म्हणून, ही गोष्ट काही हसण्यावारी नेण्याजोगी नाही.

काउंट ड्रॅक्युला आणि एक विधवा

आता भुतांच्या राजाकडे वळू. आयरिश लेखक ब्रॅम स्टोकर याची 'ड्रॅक्युला' ही कादंबरी २६ मे १८९७ रोजी प्रसिद्ध झाली. त्याच्या बरोबर एक आठवडा आधी, १९ मे रोजी, ऑस्कर वाइल्ड हा नामांकित नाटककार दोन वर्षांची सक्तमजुरी भोगून तुरुंगातून सुटला होता. त्याचा गुन्हा कोणता, तर त्याने पुरुषांवर प्रेम केले होते. हे दोन्ही लेखक डब्लिनचे आणि एकमेकांच्या ओळखीचे. इतकेच नव्हे, तर स्टोकरने १८७८ साली जिच्याशी लग्न केले ती फ्लॉरेन्स, तिच्या मागे लग्नापूर्वी वाइल्डच होता! ज्या काळात लंडनच्या घराघरांत वाइल्डच्या खटल्याची कुजबुज चालू होती, त्याच काळात ही कादंबरी आकार घेत होती. दिवसा लपून राहणारा आणि रात्री भलतीच तहान घेऊन बाहेर पडणारा तिचा नायक त्या हवेतलाच आहे, असे काही अभ्यासक म्हणतात.

या फ्लॉरेन्सबाईंचे नाव पुढे आणखी एका प्रकरणात येते. ४ मार्च १९२२ रोजी बर्लिनमध्ये 'नोस्फेराटू' हा मूकपट झळकला. ड्रॅक्युलाचीच कथा, नावे तेवढी बदललेली. आणि परवानगी मात्र कोणाची घेतलेली नाही. स्टोकरच्या पश्चात त्याच्या पत्नीने फिर्याद केली. चित्रपटाच्या सगळ्या प्रती नष्ट कराव्यात, असा कोर्टाचा हुकूम झाला. पण ड्रॅक्युला तो ड्रॅक्युला! काही प्रती वाचल्या आणि तो मेलेला चित्रपट पुन्हा उठून उभा राहिला. आज तो जगातल्या थोर चित्रपटांत गणला जातो.

त्याचा दिग्दर्शक एफ. डब्ल्यू. मुर्नाऊ. मूळचे आडनाव प्लुम्पे. मुर्नाऊ हे बव्हेरियातल्या एका गावाचे नाव त्याने घेतले. तो समलिंगी होता, आणि त्या काळच्या जर्मनीत १७५ व्या कलमाखाली हा गुन्हा होता. हान्स एरेनबाउम-डेगेले हा कवी त्याचा जिवाभावाचा सोबती. तो १९१५ साली पहिल्या महायुद्धात कामास आला. मुर्नाऊ स्वतः त्या युद्धात वैमानिक होता. त्याचा पिशाच्च-सरदार पाहा. टक्कल पडलेला, उंदरासारखे दात, लांबच लांब नखे, आणि चालणे असे अवघडलेले, की माणसांच्या जगात वावरण्याची त्याला सवयच नाही. त्याची भीती वाटते. पण त्याच्या एकटेपणाने पाहणाऱ्याच्या पोटात कालवतेही.

डडलीच्या मजुराचा मुलगा

या सगळ्या मंडळींत माझा सर्वांत आवडता माणूस म्हणजे जेम्स व्हेल. फ्रँकेन्स्टाइनचा राक्षस आपण सर्वांनी पाहिलेला आहे, निदान चित्रात तरी. सपाट डोके, मानेत खिळे, जड जड बूट. त्या राक्षसाला पडद्यावर आणले ते व्हेलने.

इंग्लंडमधल्या डडली या कोळशा-लोखंडाच्या गावी २२ जुलै १८८९ रोजी त्याचा जन्म झाला. बाप भट्टीवरचा कामगार, सात भावंडांत हा सहावा. चांभारकाम केले, पाट्या रंगवल्या, रात्रीच्या शाळेत चित्रकला शिकला. महायुद्धात अधिकारी झाला आणि १९१७ साली जर्मनांच्या हाती सापडला. युद्धकैद्यांच्या छावणीत वेळ जावा म्हणून कैदी नाटके बसवीत. तिथे या गड्याला नाटकाचे वेड लागले. लढाईच्या खंदकांवरचे 'जर्नीज एंड' हे नाटक त्याने १९२८ साली बसवले आणि ते इतके गाजले, की त्यामागोमाग तो न्यूयॉर्कला आणि तिथून हॉलिवुडला जाऊन पोहोचला.

हॉलिवुडात त्या काळी समलिंगी माणसे थोडीथोडकी नव्हती. पण बहुतेकांनी लोकलाजेस्तव लग्ने केली होती. व्हेलने ते केले नाही. डेव्हिड लुइस या निर्मात्याबरोबर तो सुमारे वीस वर्षे एका घरात राहिला आणि ते त्याने कोणापासून लपवले नाही. मायदेशी याच गोष्टीसाठी त्याला तुरुंगाची हवा खावी लागली असती. इंग्लंडमध्ये हा कायदा सैल व्हायला १९६७ साल यावे लागले.

१९३१ साली 'फ्रँकेन्स्टाइन' आला. सुरुवातीच्या श्रेयनामावलीत राक्षसाच्या नटाचे नाव नाही, तिथे नुसते प्रश्नचिन्ह आहे! हा नट बोरिस कार्लॉफ. खरे नाव विल्यम हेन्री प्रॅट; आणि गंमत अशी, की त्याचे वडील इंग्रजी अमलात आपल्या हिंदुस्थानात मिठाच्या खात्यात अधिकारी होते. या राक्षसाचे काय वर्णन करावे! त्याला कोणी विचारून जन्माला घातलेले नाही. जन्मदाताच त्याला टाकून जातो. तळ्याकाठी एक लहान मुलगी मात्र न भिता त्याला खेळायला घेते. दोघे पाण्यावर फुले सोडतात. फुले संपतात तेव्हा, फुलासारखी हीही तरंगेल अशा भाबड्या समजुतीने तो तिलाच पाण्यात सोडतो. या प्रसंगाचा शेवट सेन्सॉरांनी कापला होता. तो पुढे १९८० नंतरच्या दशकात चित्रपटाला परत मिळाला. कात्री लागल्यामुळे त्या मुलीचे काहीतरी भलतेच झाले असावे, असा प्रेक्षकांचा समज व्हायचा. म्हणजे राक्षसाला अधिक राक्षस केले ते कात्रीने!

पुढच्या वर्षी 'द ओल्ड डार्क हाऊस'. वादळी पावसात रस्ता चुकलेले प्रवासी एका विक्षिप्त कुटुंबाच्या वाड्यात आसरा घेतात, एवढीच कथा. या वाड्यात वरच्या खोलीत शंभरी ओलांडलेला म्हातारा आहे. त्याचे काम एका बाईने, एल्स्पेथ डजनने केले; आणि श्रेयनामावलीत नाव छापले ते मात्र 'जॉन डजन'. बालगंधर्वांच्या महाराष्ट्राला याचे नवल वाटायचे कारण नाही. पण भुताच्या सिनेमातही व्हेल कशी मिस्कील चिमटी काढी, ते यावरून कळावे.

'मित्र' हा शब्द

त्याचा मुकुटमणी म्हणजे १९३५ सालचा 'ब्राइड ऑफ फ्रँकेन्स्टाइन'. यातला डॉक्टर प्रिटोरियस हा खाष्ट, नखरेल म्हातारा लग्नाच्या उंबरठ्यावर असलेल्या फ्रँकेन्स्टाइनला त्याच्या वधूपासून ओढून नेतो. कशासाठी, तर दोघांनी मिळून जीव निर्माण करण्यासाठी. अर्नेस्ट थेसिजर या नटाने ही भूमिका केली. लढाईत हातांना जखमा झालेला हा गृहस्थ भरतकामात निष्णात होता, अपंग सैनिकांना ते काम मिळवून देण्यात पुढे होता, आणि त्यावर त्याने पुस्तकही लिहिले.

पण मला सांगायचे आहे ते दुसरेच. गावकऱ्यांनी हुसकलेला राक्षस रानातल्या एका झोपडीशी येतो. आत एक आंधळा म्हातारा व्हायोलिन वाजवीत बसला आहे. त्याला याचे रूप दिसत नाही, म्हणून तो याला घरात घेतो. जेवू घालतो, जखम बांधतो, एक-दोन शब्द शिकवतो. त्यांत एक शब्द 'मित्र'. दोघे एकटे जीव, एका छपराखाली, कोणाला उपद्रव न देता सुखाने राहू लागतात. आणि मग बंदुका घेतलेली दोन डोळस माणसे येतात. त्यांना राक्षस दिसतो. हाणामारी होते, झोपडी जळून खाक होते.

भीतीचा चित्रपट म्हणून मी तो पाहायला बसलो होतो, आणि या ठिकाणी घसा दाटून आला.

त्यातच शेवटी राक्षसासाठी घडवलेली नवरी उठून उभी राहते. आणि तीही त्याला पाहून किंचाळते. एल्सा लँचेस्टरने हे काम केले. तिचा तो फूत्कार तिने लंडनच्या बागेतल्या चिडखोर हंसांवरून घेतला होता. तिचा नवरा चार्ल्स लॉटन हा बडा नट. तोही पुरुषांकडे ओढला जाणारा होता, हे तिनेच १९८३ साली आपल्या आठवणींत लिहून ठेवले.

हे सारे आपल्याच मनाचे खेळ?

इथे एखादा चोखंदळ वाचक मला अडवील. म्हणेल, 'अहो, दिग्दर्शक तसा होता म्हणून राक्षसही तसाच, हे कुठले तर्कशास्त्र?' आक्षेप रास्त आहे. व्हिटो रूसो या अमेरिकी लेखकाने १९८१ साली 'द सेल्युलॉइड क्लोजेट' या पुस्तकात व्हेलच्या राक्षसाचे नाते समलिंगी माणसाच्या बहिष्कृत जिण्याशी जोडले. पण व्हेलचा जवळचा स्नेही कर्टिस हॅरिंग्टन, जो स्वतः समलिंगी होता, दिग्दर्शक होता, आणि ज्याच्या खटपटीमुळे 'ओल्ड डार्क हाऊस'ची हरवलेली प्रत १९६८ साली सापडली, त्याला हे मान्य नव्हते. ही मागाहून आलेल्या टीकाकारांची कल्पना, असे तो म्हणे.

मलाही वाटते, की व्हेलच्या राक्षसात खंदकांतली प्रेतेही आहेत, तोंडे विद्रूप होऊन परतलेले सैनिकही आहेत, आणि मोठ्यांच्या दिवाणखान्यात अवघडून उभा राहणारा मजुराचा पोरही आहे. माणूस काही एकाच धाग्याने विणलेला नसतो. पण कलाकृतीचा अर्थ केवळ करणाऱ्याच्या मनात नसतो, पाहणाऱ्याच्या मनातही असतो.

आमच्या वाडीत एक गृहस्थ होते. आम्ही त्यांना नाना म्हणत असू. जन्मभर छापखान्यात मुद्रितशोधक म्हणून काम केले, लग्न केले नाही. 'नाना, लाडू कधी?' हा प्रश्न त्यांना साठीपर्यंत लोकांनी विचारला. एकदा माझ्याकडे ते हा चित्रपट पाहायला बसले होते. झोपडीचा प्रसंग आला, तेव्हा ते म्हणाले, 'आंधळा होता म्हणून बरे झाले बिचाऱ्याचे.' तेव्हा मी ते ऐकले आणि सोडून दिले. पुढे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ३७७ व्या कलमाचा तो जाच दूर केला. त्या संध्याकाळी नाना पेढे घेऊन आले. पेढे कशाचे ते त्यांनी सांगितले नाही, मीही विचारले नाही. म्हणाले, 'एवढ्यासाठी सत्तर वर्षे थांबलो हो.' आज ते हयात नाहीत. व्हेलच्या मनात काय होते, हे हॅरिंग्टनला ठाऊक. पण नानांना त्या झोपडीत काय दिसले, हे मला ठाऊक आहे.

नाण्याची दुसरी बाजू

मात्र या नात्याला एक कडू बाजूही आहे. १९३४ च्या जुलैपासून हॉलिवुडात नीतिनियमांची संहिता कडकपणे अमलात आली. समलिंगी प्रेमाचा नुसता सूचक उल्लेखही तिला चालत नसे. परिणाम असा, की अशी माणसे साधीसुधी, संसारी, शेजारधर्म पाळणारी म्हणून पडद्यावर येणे बंद. ती यायची ती पिशाच्च म्हणून, खुनी म्हणून, वेडसर म्हणून. 'ड्रॅक्युलाज डॉटर' (१९३६) मधली सरदारीण आपल्या शापातून सुटण्यासाठी मानसोपचार करणाऱ्या डॉक्टरचे पाय धरते, आणि तरी चित्र काढण्याच्या मिषाने आणलेल्या गरीब पोरीकडे पाहून तिची तहान उसळतेच. सेन्सॉरांनी त्या प्रसंगावर डोळ्यांत तेल घालून पहारा केला होता. हिचकॉकच्या 'रोप' (१९४८) मधले दोघे सोबती तर खुनीच. पटकथाकार आर्थर लॉरेंट्स आणि त्यातला एक नट फार्ली ग्रेंजर यांचे त्या काळात परस्परांवर प्रेम होते, हे दोघांनीही आपापल्या आत्मचरित्रांत सांगितले आहे. आपल्यासारख्या माणसाला पडद्यावर पाहायचे, तर तो खुनी म्हणूनच पाहायचा! ज्या कोवळ्या पोराला आपण कोण आहोत हे नुकते उमगू लागले आहे, त्याच्या मनावर याचा काय संस्कार होत असेल?

१९६१ साली संहिता थोडी सैल झाली. १९६३ च्या 'द हाँटिंग' मध्ये थिओ ही बाई आहे. ती कोण आहे हे जाणत्या प्रेक्षकाला कळते. पण ती भूत नाही, खुनी नाही, फटकळ आणि हुशार बाई आहे, आणि वाड्यातल्या भुतांना इतरांइतकीच घाबरते. मला हे फार मोठे पाऊल वाटते. १९८५ सालच्या 'नाइटमेअर ऑन एल्म स्ट्रीट'च्या दुसऱ्या भागात नायकाच्या अंगात शिरलेला खुनी हा त्याच्या दडपलेल्या ओढीचेच रूप आहे, अशी चर्चा झाली. लेखकाने कित्येक वर्षे कानांवर हात ठेवले आणि अखेर कबुली दिली. मधल्या काळात एड्सच्या भीतीने ग्रासलेल्या हॉलिवुडात नायक मार्क पॅटन याची कारकीर्द कोमेजली. त्याने आपली कहाणी २०१९ सालच्या माहितीपटात सांगितली. क्लाइव्ह बार्करचा 'हेलरेझर' (१९८७), केव्हिन विल्यमसनने लिहिलेला 'स्क्रीम' (१९९६) हीही अशाच लेखक-दिग्दर्शकांची देणगी. त्यांनी आपली ओळख पुढे उघडपणे सांगितली. व्हेलला मात्र असे दिवस दिसले नाहीत. १९४१ च्या सुमारास त्याची कारकीर्द संपली. आजारपणाने खचून २९ मे १९५७ रोजी त्याने आपल्या घरच्या पोहण्याच्या तलावात जीव दिला. लुइसने त्याची अखेरची चिठ्ठी कित्येक वर्षे जपून ठेवली होती. १९९८ साली 'गॉड्स अँड मॉन्स्टर्स' या चित्रपटात इयन मकेलनने हा व्हेल उभा केला. भूमिका करणारा, दिग्दर्शक बिल काँडन आणि मूळ कादंबरीचा लेखक ख्रिस्टोफर ब्रॅम, तिघेही उघडपणे समलिंगी. घरच्याच माणसांनी केलेले ते श्राद्ध होते म्हणा ना.

आमची आजी म्हणे, मुंजा काय, हडळ काय, ज्याची इच्छा राहून गेली त्याचे भूत होते. त्याला घाबरू नये, 'काय हवे बाबा?' असे विचारावे. फ्रँकेन्स्टाइनच्या राक्षसाला हे विचारले एका आंधळ्याने, आणि त्याने मागितले काय, तर मैत्र.

यंदा भाऊबिजेची पाहुणेमंडळी पांगली, की एखाद्या रात्री दिवे मालवून आधी 'फ्रँकेन्स्टाइन' लावा, त्यामागोमाग 'ब्राइड' लावा. दोन्ही मिळून अडीच तासांच्या आत संपतात. पोरांनाही जवळ बसवा. ती भिणार नाहीत. झोपडीचा प्रसंग येईल तेव्हा मात्र चिवड्याचा डबा खाली ठेवा आणि नीट पाहा.